कायद्याच्या दारापर्यंतची वाट : डॉ. भीमराव रामजी आंबेडकर

परीक्षेचे निकाल लागले म्हणजे आपल्या येवल्यांत घरोघरीं एकच विषय निघतो. मुलास पुढें कोणत्या शिक्षणास घालावें? कोणी डॉक्टरीचें नांव घेतो, कोणी इंजिनिअरिंगचें. आणि ज्या घरांत मुलगा किंवा मुलगी बोलण्यांत चतुर असेल, त्या घरांत कोणीतरी वडील मंडळी वकिलीचें नांव काढतातच. मग लगेच दुसरा प्रश्न येतो. वकिलीच्या शिक्षणास लागतें काय? गुण किती, पैसा किती, वर्षें किती? प्रश्न अगदीं योग्य आहे, आणि त्याचें सरळ उत्तर या लेखाच्या अखेरीस दिलेंही आहे. परंतु तें उत्तर वाचण्यापूर्वीं, ज्या थोर पुरुषानें हीच वाट शंभर वर्षांमागें मोठ्या कष्टानें चालून दाखविली, त्याचें चरित्र विद्यार्थ्यांनीं डोळ्यांपुढें आणावें अशी आमची इच्छा आहे. कारण नियमांच्या पुस्तकांत जें लिहिलेलें नसतें, तें अशा चरित्रांत सांपडतें.

हे पुरुष म्हणजे डॉ. भीमराव रामजी आंबेडकर होत. आपल्या गांवाशीं त्यांचा संबंध किती जवळचा आहे, हें येथील लहान मुलांसही ठाऊक आहे. ता. १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं ते येथें आले, आणि येथें जाहीर केलेल्या त्यांच्या निश्चयाचा ध्वनि सर्व देशभर उमटला. पण त्या दिवशीं ते कोणत्या हुद्द्यावर होते, हें पुष्कळांच्या ध्यानांत नसतें. ते त्या वेळीं मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्रिन्सिपॉल होते. हें विद्यालय इ. स. १८५५ मध्यें स्थापन झालेलें, म्हणजे देशांतील कायद्याच्या सर्वांत जुन्या विद्यालयांपैकीं एक. ज्या मुलास शाळेंत गोणपाटावर निराळें बसविलें जात असे, तोच पुढें अशा विद्यालयाच्या मुख्य स्थानावर कसा बसला, हीच आजची कथा.

भीमरावांचा जन्म ता. १४ एप्रिल १८९१ रोजीं महू येथील लष्करी छावणींत झाला. घराणें मूळचें रत्नागिरी जिल्ह्यांतील आंबडवे गांवचें. वडील रामजी सकपाळ हे पलटणींत सुभेदार असून लष्करी शाळेंत शिक्षकाचें काम करीत. त्यांनीं पेन्शन घेतल्यावर कांहीं काळानें कुटुंब साताऱ्यास आलें. आई भीमाबाई यांचें छत्र भीमरावांच्या बालपणींच हरपलें, आणि मुलांचा सांभाळ आत्यानें केला. जात महार, म्हणजे त्या काळच्या समजुतीप्रमाणें अस्पृश्य. शाळेंत नांव दाखल झालें खरें, पण इतर मुलांबरोबर बसण्याची मुभा मिळाली नाहीं. घरून नेलेलें गोणपाट कोपऱ्यांत पसरून त्यावर बसावें लागे. तहान लागली तर स्वतःच्या हातानें पाणी घेण्याची सोय नव्हती. शाळेचा शिपाई वरून ओंजळींत पाणी ओती, आणि शिपाई जागेवर नसला म्हणजे तहान तशीच सोसावी लागे. कोणी न्हावी त्यांच्या केसांस हात लावीत नसे. तें काम घरीं बहीण करी. आज ज्या विद्यार्थ्यांस शाळेंतील बाक मोडका वाटतो, त्यांनीं या गोणपाटाची आठवण ठेवावी.

पुढें कुटुंब मुंबईस आलें आणि परळच्या एका चाळींत एका खोलींत राहूं लागलें. त्या एकाच खोलींत स्वयंपाक, निजणें, बसणें आणि अभ्यास. सुभेदार रामजींनीं यावर एक तोड काढिली. मुलास ते लवकर निजवीत आणि स्वतः मध्यरात्र उलटेपर्यंत जागत बसत; मग दोनच्या सुमारास मुलास उठवून अभ्यासास बसवीत व आपण त्याच्या जागीं आडवे होत. पुस्तकासाठीं पैसे नसले म्हणजे रामजी विवाहित मुलींकडे जात, एखादा दागिना मागून आणीत व तो गहाण ठेवून पुस्तक विकत घेत. पेन्शन हातीं आली म्हणजे तो सोडवून परत करीत. पालकांनीं मुलांसाठीं काय करावें याविषयीं मोठमोठीं व्याख्यानें होतात; परंतु रात्रीं दोन वाजेपर्यंत जागणाऱ्या या पेन्शनर सुभेदाराचें उदाहरण त्या सर्वांहून बोलकें आहे.

एल्फिन्स्टन हायस्कुलांत भीमरावांस संस्कृत शिकावयाचें होतें. पण जातीमुळें तें घेऊं दिलें गेलें नाहीं, आणि नाइलाजानें त्यांनीं फारशी भाषा घेतली. इ. स. १९०७ मध्यें ते मॅट्रिक झाले. ७५० पैकीं त्यांस २८२ गुण मिळाले. म्हणजे शेंकडा अडतीसही नव्हेत. त्या काळीं परीक्षक हात राखून गुण देत, हें खरें. तथापि पहिल्या श्रेणींत झळकणारे ते विद्यार्थी नव्हते, हेंही तितकेंच खरें. तरी महार समाजांतील मुलानें मॅट्रिक होणें ही इतकी अपूर्व गोष्ट होती कीं, त्यासाठीं सभा भरली. त्या सभेंत विल्सन हायस्कुलांतील शिक्षक व मराठीचे ग्रंथकार कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनीं आपण लिहिलेलें गौतम बुद्धाचें चरित्र या मुलास भेट दिलें. केळुसकर गुरुजी तेवढ्यावर थांबले नाहींत. पुढें पैशाअभावीं कॉलेजचें शिक्षण अडूं लागलें तेव्हां त्यांनींच बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकिला, आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ति मिळाली. एका शिक्षकाची दृष्टि किती दूरवर जाऊं शकते, याचा हा पुरावा होय.

बी. ए. झाल्यावर इ. स. १९१३ च्या आरंभीं भीमराव बडोद्याच्या नोकरींत रुजू झाले, तोंच फेब्रुवारींत वडील वारले. त्याच वर्षीं महाराजांनीं त्यांस परदेशीं शिक्षणासाठीं तीन वर्षांची शिष्यवृत्ति दिली. अट अशी कीं, परत आल्यावर दहा वर्षें संस्थानची नोकरी करावी. जुलै १९१३ मध्यें ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत दाखल झाले. तेथें अर्थशास्त्र हा मुख्य विषय घेऊन इ. स. १९१५ मध्यें त्यांनीं एम. ए. ची पदवी मिळविली. परंतु मनांत आणखी एक हेतु घर करून होता. समाजावरील अन्याय नुसत्या तक्रारीनें दूर होणार नाहीं. ज्या भाषेंत राज्यकर्ते व न्यायाधीश बोलतात, ती कायद्याची भाषा आपणांस आली पाहिजे, अशी त्यांची धारणा झाली होती. म्हणून इ. स. १९१६ मध्यें ते लंडनला गेले. तेथें अर्थशास्त्राच्या उच्च अभ्यासासाठीं लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्यें, आणि बॅरिस्टरीसाठीं ग्रेज इन या संस्थेंत, असे दोन प्रवेश त्यांनीं एकदमच घेतले. ग्रेज इनमध्यें त्यांचें नांव ता. ११ नोव्हेंबर १९१६ रोजीं दाखल झालें.

येथें वाचकांस प्रश्न पडेल कीं, त्या काळीं अशा संस्थेंत प्रवेश मिळण्यास काय लागे. लंडनमध्यें बॅरिस्टरांच्या चार जुन्या संस्था आहेत, त्यांपैकीं ग्रेज इन ही एक. प्रवेश मागणाऱ्यास सामान्य शिक्षणाचा पुरावा द्यावा लागे. विद्यापीठाची पदवी असली म्हणजे प्राथमिक परीक्षा माफ होई. सद्वर्तनाचे दाखले जोडावे लागत, आणि प्रवेशाची फी भरावी लागे. त्यानंतर वर्षास चार याप्रमाणें साधारणतः बारा सत्रें पुरीं करावयाचीं. सत्र पुरें झालें कीं नाहीं हें ठरविण्याची रीत मोठी मौजेची होती. प्रत्येक सत्रांत ठराविक वेळां संस्थेच्या भोजनगृहांत जेवण घेतलें म्हणजे तें सत्र भरलें असें समजत! यांतला हेतु असा कीं, नवशिक्यानें जुन्याजाणत्या वकिलांच्या पंक्तीस बसून या धंद्याची शिस्त व रीतभात शिकावी. शाळेंत ज्याच्या ओंजळींत वरून पाणी ओतलें जाई, तो आतां इंग्लंडच्या नामांकित कायदेपंडितांच्या पंक्तीस बसूं लागला. जेवणांखेरीज परीक्षा होत्याच. रोमन कायदा, राज्यघटनेचा कायदा, फौजदारी कायदा, मालमत्तेचा कायदा असे कठीण विषय त्यांत असत.

पण ही पंक्ति लवकरच सोडावी लागली. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि इ. स. १९१७ मध्यें बडोद्याहून परत येण्याची आज्ञा झाली. विद्यापीठानें एवढी सवलत दिली कीं, चार वर्षांच्या आंत परत आल्यास अपुरा अभ्यास पुढें चालवितां येईल. पहिलें महायुद्ध चालूं होतें. त्यांची पुस्तकें व कागदपत्र ज्या बोटीनें येत होते, ती शत्रूनें बुडविली, आणि कित्येक वर्षांची जमवाजमव समुद्राच्या तळाशीं गेली.

बडोद्यास याहून कटु अनुभव वाट पाहत होता. दोन विद्यापीठांत शिकून आलेल्या या अधिकाऱ्यास शहरांत राहावयास कोणी जागा देईना. एका पारशी धर्मशाळेंत ते नांव पालटून राहिले. पण थोड्याच दिवसांत गोष्ट उघडकीस आली, आणि लाठ्या घेतलेल्या जमावानें त्यांस तेथून बाहेर घालविलें. कचेरींत शिपाई कागदांचे गठ्ठे दुरून त्यांच्या टेबलावर टाकीत. जागेच्या शोधांत हिंडून शेवटीं ते एका बागेंत झाडाखालीं बसून रडले, आणि नोकरी सोडून मुंबईस परत आले. विद्यार्थिमित्रहो, पदवी असली म्हणजे सर्व दारें आपोआप उघडतात असा आपला समज असतो. भीमरावांजवळ पदव्या होत्या. तरी रात्रीपुरतें एका खोलीचें दार उघडलें नाहीं.

आतां परत लंडनला जावें तर पैसा कोठून आणावा? नोव्हेंबर १९१८ मध्यें त्यांस मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजांत अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा मिळाली. पगार दरमहा ४५० रुपये. त्या काळीं ही मोठी रक्कम होती. पण घरची राहणी त्यांनीं वाढूं दिली नाहीं. पत्नी रमाबाई मोजक्या पैशांत परळच्या चाळींतच संसार चालवीत, आणि उरलेली रक्कम लंडनसाठीं बाजूस पडे. येथेंही कांहीं सहकाऱ्यांनीं पाण्याच्या भांड्यास त्यांचा हात लागूं नये अशी कुरबुर केली. भीमरावांनीं आपलें काम चालूं ठेविलें. याच काळांत, जानेवारी १९२० मध्यें, मूकनायक हें पाक्षिक निघालें. पुढें दोन वर्षांच्या शिलकेंत कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींच्या मदतीची भर पडली, आणि नवल भथेना या पारशी मित्रानें पांच हजार रुपये कर्जाऊ दिले. जुलै १९२० मध्यें ते पुन्हां लंडनच्या वाटेस लागले. सवलतीच्या चार वर्षांपैकीं तीन वर्षें त्या वेळीं संपत आलीं होतीं.

लंडनमधील या दुसऱ्या मुक्कामाची हकीकत वाचतांना मन भरून येतें. राहण्याचें ठिकाण स्वस्तांतलें. सकाळच्या न्याहारीस पावाचा एक तुकडा व चहा. ब्रिटिश म्यूझियमचें ग्रंथालय उघडतांच ते आंत जात आणि तें बंद होईपर्यंत तेथेंच वाचीत बसत. दुपारच्या जेवणास बहुधा फांटाच. रात्रीं एका स्नेह्यानें दिलेले पापड भाजून त्यांवर भूक भागवावी आणि पुन्हां पहांटेपर्यंत पुस्तक उघडावें. इकडे मुंबईस रमाबाईंची ओढाताण त्याहून कमी नव्हती. अपत्यांच्या मृत्यूचें दुःखही त्या माउलीनें सोसलें. त्यांच्या नांवापुढें कोणतीही पदवी नाहीं. पण या पदव्यांत त्यांचा वांटा किती, हें पदवीधरानें कधींही विसरतां कामा नये.

इ. स. १९२१ मध्यें एम. एस्सी. ची पदवी मिळाली. ता. २८ जून १९२२ रोजीं ग्रेज इननें त्यांस बॅरिस्टर म्हणून मान्यता दिली. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधास इ. स. १९२३ मध्यें डी. एस्सी. ही पदवी मिळाली. ग्रेज इनमध्यें नांव घातल्यापासून बॅरिस्टर होईपर्यंत जवळजवळ सहा वर्षें लोटलीं होतीं. आपल्या येवल्याच्या हातमागावर पैठणी विणतांना ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस हें समजेल. मधेंच धागा तुटला म्हणून विणकर माग मोडीत नाहीं. तुटलेलें टोंक शोधतो, गांठ मारतो आणि धोटा पुन्हां चालूं करतो. भीमरावांचा धागा युद्धानें, दारिद्र्यानें व अपमानानें तीनदां तुटला. त्यांनीं तो तीनदां जोडिला.

बॅरिस्टर होऊन मुंबईस उतरल्यावर आणखी एक अडचण उभी राहिली. हायकोर्टांत काम चालविण्यासाठीं सनद घ्यावी लागते, आणि तिची रक्कम भरण्यास हातांत पैसे नव्हते. पुन्हां नवल भथेना मदतीस आले, आणि जुलै १९२३ मध्यें वकिली सुरूं झाली. सॉलिसिटर मंडळी अस्पृश्य बॅरिस्टराकडे खटले पाठविण्यास धजत नसत. म्हणून गोरगरिबांचीं व जिल्ह्याच्या कोर्टांतील कामें घेऊन त्यांनीं सुरुवात केली. अशिलाच्या दाराशीं जात विचारली जाते, पण न्यायाधीशापुढें मुद्दाच विचारला जातो, हें ते जाणून होते. इ. स. १९२६ मध्यें पुण्यास देशाचे दुश्मन या पुस्तकावरून चाललेल्या बदनामीच्या खटल्यांत केशवराव जेधे व दिनकरराव जवळकर यांची बाजू त्यांनीं मांडिली व अपिलांत यश मिळविलें. त्यामुळें त्यांचें नांव सर्वत्र झालें. तरी मिळकत बेताचीच होती. तिला जोड म्हणून ते एका संस्थेंत व्यापारी कायदा शिकवीत. इ. स. १९२८ मध्यें सरकारी लॉ कॉलेजांत त्यांची कांहीं काळ प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली, आणि जून १९३५ मध्यें त्याच कॉलेजचें प्रिन्सिपॉलपद त्यांजकडे आलें. हा मान मिळाला तेव्हां तो पाहण्यास रमाबाई नव्हत्या. ता. २७ मे १९३५ रोजीं, म्हणजे अवघ्या कांहीं दिवसांपूर्वीं, त्यांचें निधन झालें होतें.

याच वर्षाच्या ऑक्टोबरांत ते येवल्यास आले. आपल्या जिल्ह्यांत नाशिकच्या काळाराम मंदिरांत प्रवेश मिळावा म्हणून मार्च १९३० पासून सत्याग्रह चालला होता. पांच वर्षें लोकांनीं मार खाल्ला, तुरुंग भोगिला. दार उघडलें नाहीं. येवल्याच्या परिषदेस सुमारें दहा हजारांचा समाज जमला होता. तेथें भीमरावांनीं मागील सर्व प्रयत्नांचा हिशेब लोकांपुढें ठेविला, आणि हिंदु म्हणून जन्मास येणें आपल्या हातीं नव्हतें, परंतु हिंदु म्हणून मरावयाचें नाहीं असा आपला निश्चय जाहीर केला. सत्याग्रहांत शक्ति वेंचण्याचें बंद करून ती शिक्षणाकडे व स्वतःच्या उन्नतीकडे लावावी, असा या परिषदेचा रोख होता. हा निश्चय त्यांनीं एकवीस वर्षांनीं, ता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं, नागपुरास बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन पुरा केला. येवल्यांतील ती जागा आज मुक्तिभूमि म्हणून ओळखिली जाते.

विचार करण्यासारखी गोष्ट ही कीं, येवल्याहून परत गेलेला हा मनुष्य पुन्हां लॉ कॉलेजच्या कामास लागला. कायद्यानें माणसाचें मन पालटत नाहीं, हा अनुभव त्यांनीं पांच वर्षें घेतला होता. म्हणून कांहीं कायद्याचा अभ्यास व्यर्थ आहे, असें त्यांनीं मानिलें नाहीं. तीनच महिन्यांनीं, जानेवारी १९३६ मध्यें, त्यांनीं आपल्या कॉलेजच्या मासिकांत मुंबई इलाख्यांतील कायद्याच्या शिक्षणांत कोणत्या सुधारणा व्हाव्या, याविषयीं लेख लिहिला. केवळ कलमें पाठ करणारा वकील त्यांस नको होता. कायद्याच्या मूलतत्त्वांची पक्की जाण, सर्वसाधारण ज्ञानाची भक्कम बैठक, विषय क्रमानें मांडण्याची कला आणि स्वच्छ, नेमकी भाषा, या गोष्टींवर त्यांचा भर होता. पाहा, यांपैकीं बहुतेक गोष्टींचा पाया कॉलेजांत नव्हे, तर शाळेंत घातला जातो. निबंधाची वही, इतिहासाचें पुस्तक, वादविवादाची सभा आणि गणितांतील एकेक पायरी हीच खरी पूर्वतयारी होय.

या तयारीचें फळ काय, हेंही सांगितलें पाहिजे. ता. २० मार्च १९२७ रोजीं महाडच्या चवदार तळ्याचें पाणी भीमरावांनीं आपल्या अनुयायांसह प्राशन केलें. त्यावरून त्यांच्यावर दिवाणी दावा झाला. तळें खासगी आहे व अस्पृश्यांस तेथें बंदी करण्याची वहिवाट अनादि आहे, असें वादींचें म्हणणें होतें. महाडच्या कोर्टापासून हायकोर्टापर्यंत हा दावा दहा वर्षें चालला, आणि मार्च १९३७ मध्यें हायकोर्टानें वादींचें अपील फेंटाळलें. पाणी पिण्यास एक क्षण लागला. तो हक्क कोर्टांत टिकविण्यास दहा वर्षें लागलीं. पुढें देश स्वतंत्र झाल्यावर ते पहिले कायदेमंत्री झाले, ता. २९ ऑगस्ट १९४७ रोजीं नेमलेल्या घटनेच्या मसुदा समितीचें अध्यक्षपद त्यांजकडे आलें, आणि ता. २६ नोव्हेंबर १९४९ रोजीं स्वीकारलेल्या राज्यघटनेच्या सतराव्या कलमानें अस्पृश्यता नष्ट झाली. ज्या मुलास शिपायावांचून पाणी मिळत नव्हतें, त्याच्या अध्यक्षतेखालीं हें कलम लिहिलें गेलें.

आपण ज्या दारांतून शिरलों तें मागून येणाऱ्यांसाठीं उघडें राहावें, ही त्यांची शेवटपर्यंत चिंता होती. इ. स. १९४५ मध्यें त्यांनीं पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, इ. स. १९४६ मध्यें मुंबईस सिद्धार्थ कॉलेज निघालें, आणि त्यांच्या आयुष्याच्या अखेरच्या वर्षीं, इ. स. १९५६ मध्यें, सिद्धार्थ लॉ कॉलेज सुरूं झालें. त्याच वर्षीं ता. ६ डिसेंबर रोजीं दिल्ली येथें त्यांचें देहावसान झालें.

आतां आरंभीं दिलेलें वचन पुरें करूं. आजच्या नियमांप्रमाणें कायद्याच्या शिक्षणास दोन वाटा आहेत. बारावीनंतर पांच वर्षांचा अभ्यासक्रम, किंवा कोणतीही पदवी घेतल्यावर तीन वर्षांचा. दोहोंसही आधीच्या परीक्षेंत सर्वसाधारण उमेदवारास किमान ४५ टक्के, इतर मागासवर्गीयांस ४२ टक्के आणि अनुसूचित जाति-जमातींच्या उमेदवारांस ४० टक्के गुण लागतात. महाराष्ट्रांतील लॉ कॉलेजांत प्रवेशासाठीं राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी, द्यावी लागते. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील राष्ट्रीय विधि विद्यापीठांसाठीं क्लॅट ही निराळी परीक्षा आहे. या परीक्षांत भाषा, सामान्य ज्ञान, तर्कशक्ति व कायद्याची प्राथमिक समज पाहिली जाते. पदवी मिळाल्यावर राज्याच्या बार कौन्सिलकडे नांव नोंदवून सनद घ्यावयाची, आणि अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हावयाचें. सनदेच्या पैशासाठीं भीमरावांस मित्राकडे हात पसरावा लागला, हें वर आलेंच आहे. ही अडचण पुढेंही अनेकांस भोंवली. निरनिराळ्या राज्यांत नोंदणीच्या नांवाखालीं हजारों रुपये घेतले जात. ता. ३० जुलै १९२४ नव्हे, तर त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, ता. ३० जुलै २०२४ रोजीं, सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, कायद्यांत ठरलेल्या रकमेहून अधिक नोंदणी फी घेतां येणार नाहीं. ही रक्कम सर्वसाधारण उमेदवारास ७५० रुपये व अनुसूचित जाति-जमातींच्या उमेदवारास १२५ रुपये आहे. नवल भथेना प्रत्येकास भेटत नाहीं; म्हणून असा निकाल लागतो.

पालकहो, टक्के, परीक्षा व फी यांची चौकशी अवश्य करावी. परंतु रात्रीं दोनपर्यंत जागणारे सुभेदार, पुस्तक हातीं देणारे केळुसकर गुरुजी, संसार ओढणाऱ्या रमाबाई आणि वेळेवर उभा राहणारा एक मित्र, हींही या प्रवेशाचींच साधनें होतीं. त्यांचा उल्लेख कोणत्याही अर्जांत नव्हता, पण त्यांच्यावांचून तो अर्ज पुरा झाला नसता. आणि विद्यार्थिमित्रहो, जें कोणास दुसऱ्याला देतां येत नाहीं, तें अखेर भीमरावांनीं स्वतःजवळचें घातलें. अर्ध्या वाटेवरून परत फिरावें लागलें, तरी ते पुन्हां त्या वाटेस लागले. ज्यास थोडे गुण पडले असतील किंवा ज्याचें एखादें वर्ष वायां गेलें असेल, त्यानें येत्या सुटींत एकदां मुक्तिभूमीवर जाऊन क्षणभर उभें राहावें. तेथें बोलून गेलेल्या पुरुषासही मॅट्रिकला २८२ च गुण होते.